तयार शर्टाची पाठ

त्या दुकानात तयार शर्टाची पाठ रस्त्याकडे असायची. धुऊन आलेला, इस्त्री व्हायचा शर्ट तोंड बाहेर करून टांगायचा, म्हणजे कुठलं बटण तुटलंय, कॉलरला कुठं डाग राहिलाय ते इस्त्री हातात घेण्याआधी दिसतं. इस्त्री झाली की तोच शर्ट फिरवायचा आणि पाठ बाहेर करायची. रस्त्यावरची धूळ उडून यायची ती पाठीवर बसायची. पाठ म्हणजे सपाट मैदान, एक हात फिरवला की साफ. तीच धूळ पुढच्या बाजूला, बटणांच्या पट्टीत आणि खिशाच्या शिवणीत शिरली, की सगळी मेहनत पाण्यात. गिऱ्हाईक पलीकडच्या फुटपाथवरूनच बघायचं. आपल्या शर्टाची पाठ दिसली तर रस्ता ओलांडायचं, नाहीतर तिथूनच परत.

ही रीत वहिनीची. लग्न होऊन ती त्या दुकानात आली तेव्हा सासरा कपडे बोचक्यात बांधून ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला "उद्या या" सांगायचा. उद्याला उद्या लागत जायचा. वहिनीनं चार दिवस गुमान बघितलं आणि पाचव्या दिवशी भिंतीला खिळे ठोकले. सासरा म्हणाला, "भिंत पडेल."

वहिनी म्हणाली, "पडली तर तिलाही इस्त्री करू."

तिला सगळे वहिनी म्हणायचे ते फुटबॉलमुळं. तिचा नवरा रविवारच्या लीगमध्ये गोलकीपर होता. त्याचं नाव आईबापांनी काहीतरी ठेवलं असेल, पण संघात, बाजारात आणि पुढं तर किराणावाल्याच्या वहीतसुद्धा तो गोली. खेळणं सुटून वीस वर्षं झाली, गुडघे गंजलेल्या कडीसारखे वाजायला लागले, तरी गोलीच. संघातले बाकीचे त्याच्याच वयाचे, म्हणून ही वहिनी. पुढं नवी पोरं संघात आली, ती काकू म्हणू लागली. त्यानंतरची मावशी. अलीकडं एका उजव्या विंगवाल्यानं आजी म्हणून बघितलं. वहिनी इस्त्री न थांबवता म्हणाली, "आजी तुझ्या घरी. इथं शर्ट घे आणि नीघ." तिच्या मनानं ती वहिनीच राहिली, म्हणून आपणही तसंच म्हणू.

तर संघाची भिंत कशी झाली ते सांगायचं राहिलं.

तेव्हा माणसं गोळा करायचं काम गोलीकडं होतं. शनिवारी दुपारपासून सायकल काढायची, चौदा घरं फिरायची, "उद्या येणार ना?" विचारायचं. चौदा घरी चहा व्हायचा. चौदाही जण "म्हणजे काय, येणारच" म्हणायचे. आणि रविवारी सकाळी मैदानावर आठ माणसं. एका शनिवारी तो असाच परतला, पोट धरून खुर्चीत बसला. वहिनी म्हणाली, "चौदा चहांत आठ माणसं येतात. तुमच्यापेक्षा माझी बटणं बरी, निदान तुटतात तेव्हा कळतं."

"मग काय करू? घरात शिरून बांधून आणू?"

"घरी बसून हो म्हणायला काय जातंय. चालत इथं येऊ द्या, मग म्हणू द्या."

संघाचे शर्ट धुवायला तिच्याकडंच यायचे. संघात एक सुतार होता, मधल्या फळीत खेळायचा. त्यानं एक लांब फळी आणून आतल्या भिंतीला मारली आणि तिच्यावर चौदा खुंट्या बसवल्या. नियम सोपा. गुरुवारपर्यंत शर्ट धुऊन, तोंड बाहेर करून खुंटीवर. ज्याला रविवारी यायचंय त्यानं शनिवारी सातच्या आत स्वतः दुकानात यायचं आणि आपला शर्ट आपल्या हातानं फिरवायचा. पाठ बाहेर म्हणजे माणूस तयार. आकडे पाठीवरच असल्यामुळं मोजायलाही सोपं. दिसले तेवढे आकडे उद्या मैदानावर. दुसऱ्याचा शर्ट कुणी फिरवायचा नाही. जगात पाठ दाखवणाऱ्याला पळपुटा म्हणतात. आमच्या संघात पाठ दाखवेल तोच खरा, असं गोली ऐटीत सांगायचा आणि ऐकणाऱ्याच्या तोंडावरचा गोंधळ बघून खूश व्हायचा.

शनिवारची संध्याकाळ म्हणजे मग दुकानात जत्रा. शर्ट फिरवायला एक पळ लागतो, पण माणूस तासभर हलायचा नाही. वहिनी मोठ्या पातेल्यात चहा ठेवायची, आता तो एकाच ठिकाणी होत होता. कुणाच्या बापाला दवाखान्यात ठेवलंय, कुणाचं दुकान चालत नाही, कोण घरी भांडून आलाय, हे सगळं त्या इस्त्रीच्या वाफेत बाहेर पडायचं. वहिनी फार बोलायची नाही. तिच्या हातात तापलेलं लोखंड असल्यामुळं कुणी तिच्यापुढं फार ताणतही नसे. पण एखाद्याचा शर्ट लागोपाठ तीन आठवडे तोंड बाहेर करूनच राहिला की ती गोलीला म्हणायची, "चार नंबरकडं जाऊन या. आणि खेळायचं विचारू नका. नुसतं जाऊन या."

एकदा मजा झाली. संघातला प्लंबर शनिवारी आला, शर्ट फिरवून, दोन कप चहा पिऊन गेला. तासाभरानं त्याची बायको आली. कुणाशी न बोलता सरळ आत गेली, नवऱ्याचा शर्ट पुन्हा तोंडावर आणला आणि वहिनीकडं बघत उभी राहिली. नियम मोडला होता. वहिनीनं तिच्याकडं बघितलं, हातातली बाही पुरी केली आणि म्हणाली, "किती दिवस झाले माहेरी जाऊन?"

"दीड वर्ष."

"मग असू दे तसाच."

रविवारी सकाळी प्लंबर दुकानात आला, त्यानं खुंटी बघितली, वहिनीकडं बघितलं. वहिनी दुसरीकडंच बघत होती. बिचारा आल्या पावली परत गेला आणि बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला. संघ दहा जणांत खेळला आणि हरला. प्लंबर पुढं अनेक वर्षं सांगायचा, माझं घर त्या खुंटीला टांगलेलं आहे.

हरायचं म्हणाल तर संघ चिक्कार हरला. एकतीस वर्षांत एकदा करंडक, तोही समोरच्या गोलकीपरच्या डोळ्यात चिलट गेलं म्हणून. पण एक गोष्ट त्यांच्या नावावर होती जी चाळीस संघांत दुसऱ्या कुणाच्या नव्हती. हा संघ कधी गैरहजर राहिला नाही. लीगच्या कचेरीत एक लांबलचक हजेरीची वही होती, तिच्यात त्यांच्या ओळीला एकतीस वर्षं सलग टिंबं होती, एकही फुली नाही. सात माणसांच्या खाली संघ गेला की फुली बसायची. एका साली अर्धा संघ तापानं आडवा होता. सहा जण झाले. गोलीचा गुडघा तेव्हा नुकताच निखळलेला. वहिनीनं त्याला घट्ट पट्टी बांधली आणि सातवा म्हणून उभा केला. अकरा गोल खाल्ले, एकही केला नाही. "अकरा-शून्य, पण आलो," हे मग संघाचं बोधवाक्यच झालं. कुणी काही जमत नाही म्हणून कुरकुरला की दुसरा म्हणायचा, अकरा-शून्य, पण आलो.

आता मुलीचं सांगतो.

वहिनीची मुलगी त्या खुंट्यांखालीच वाढली. तिला आकडे शिकवले ते शर्टांच्या पाठींनी. शिकली, मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करू लागली. तिथं कचेरीचा एक संघ होता. रविवारी किती जण येणार एवढं कळायला त्यांच्या ग्रुपवर दोनशे-अडीचशे मेसेज पडायचे, आणि शेवटी सहा जण यायचे. एकदा जेवायच्या सुट्टीत ती म्हणून गेली, "आमच्या आईच्या भिंतीवर हे एका नजरेत कळतं." शेजारी बसणारा तिचा सहकारी चमचा खाली ठेवून म्हणाला, "परत सांग."

वर्षभरात दोघांनी नोकरी सोडली आणि कंपनी काढली. हौशी संघांसाठी अ‍ॅप. कोण येणार, कोण नाही, मैदान कुठलं, सामना किती वाजता, सगळं फोनवर. कचेरी कुठली, तर दुकानाच्या वरची खोली, जिथं आधी चादरी वाळत घालायचे. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, आणि छताला अजून तशीच दोरी. मुलगी यंत्राचं पोट बघायची, तो तोंड बघायचा, म्हणजे चित्रं, रंग, बटणं. मुलगी त्याची ओळख भागीदार म्हणून करून द्यायची, म्हणून गोलीही त्याला भागीदारच म्हणायचा. पहिल्या दिवशी त्यानं बायकोला हळूच विचारलं, "हा जावई की भागीदार?"

"आधी भागीदार तर होऊ दे," वहिनी म्हणाली. "जावई व्हायला अक्कल लागत नाही."

दोन वर्षं दोघं खपली. शेवटी लीगच्या चिटणिसांनी अट घातली: एक संघ चार रविवार पूर्णपणे अ‍ॅपवर चालवून दाखवा. नीट चाललं तर पुढच्या हंगामापासून चाळीसही संघ घेतील. नाही चाललं तर पुन्हा विचारायला येऊ नका. साठवलेलं सगळं संपत आलं होतं. हे काम मिळालं नाही तर भागीदार जुन्या नोकरीवर परत जाणार होता, आणि मुलीलाही दुसरी वाट नव्हती.

संघ कुठला घ्यायचा हे विचारायलाच नको. मुलगी खाली येऊन काउंटरवर बसली, लहानपणी बसायची तशी, पाय लोंबकळत सोडून.

"आई, चार आठवडे भिंत बंद ठेवावी लागेल."

"दोन्ही चालू ठेवा की."

"मग सगळे भिंतच बघतील आणि फोन नावाला दाबतील. चिटणीस म्हणतील, हे तर खुंट्यांवर चाललंय."

वहिनीनं हातातली पँट संपवली, घडी घातली. मग स्टूल घेऊन आत गेली, चौदा शर्ट एकेक करून उतरवले आणि पेटीत ठेवले. गोली दारात उभा राहून बघत होता. नुसत्या खुंट्या उरल्या. दात नुसतेच आणि जबडा नाही, अशी दिसत होती भिंत.

पहिले तीन रविवार सुरळीत पार पडले. फोनवर नावासमोर दोन शब्द असायचे, येणार आणि नाही. ज्याला जे दाबायचं ते तो शनिवारी दुपारी बाराच्या आत दाबायचा. बारा वाजता यंत्र आपोआप लीगला आकडा कळवायचं. रविवारी गोली पेटीतले शर्ट पिशवीत भरून मैदानावर न्यायचा. अकरा, बारा, अकरा माणसं आली. चिटणीसही एकदा येऊन बघून गेले आणि मान डोलावून गेले.

दुकानात मात्र शनिवारी संध्याकाळी कुणी येईना. पहिल्या शनिवारी वहिनीनं सवयीनं मोठं पातेलं चढवलं. साडेसहाला तिच्या लक्षात आलं. गोलीनं तीन कप प्यायला, तिनं दोन, बाकीचा ओतून दिला. दुसऱ्या शनिवारी तिनं लहान पातेलं काढलं. फोनवर तिला सगळे दिसत होते. सहा नंबर येणार. नऊ नंबर नाही. नऊ नंबर का नाही, ते फोन सांगत नव्हता. तिनं मुलीला विचारलं तर मुलगी म्हणाली, "कारण लिहायची सोय आहे की, आई. कुणी लिहीत नाही."

"लिहिणार कसे? इस्त्रीसमोर उभं राहिल्याशिवाय माणूस बोलतो का?"

चौथ्या आठवड्यात मुलगी दोन दिवस बाहेरगावी गेली. तिकडच्या एका लीगला अ‍ॅप दाखवायचं होतं. त्याच गुरुवारी गोली जिना चढून वर गेला आणि फोन भागीदाराच्या नाकासमोर धरून म्हणाला, "ही अक्षरं आहेत की मुंग्या? मला वाचता येत नाही, मास्तरला वाचता येत नाही. पुढं प्लंबर चुकून काहीतरी दाबेल आणि तुमचा खेळखंडोबा व्हायचा."

मास्तर म्हणजे संघाचा कप्तान, शाळेत गणित शिकवायचा.

भागीदार कामाचा पोरगा. त्यानं रात्र पडायच्या आत अक्षरं काढून टाकली आणि त्यांच्या जागी शर्टांची ठळक चित्रं केली. एक तोंड बाहेर केलेला, एक पाठ बाहेर केलेला. पाठीवर आकडासुद्धा काढला, हौसेनं. मग त्याच्या बुद्धीला जे सरळ वाटलं ते त्यानं केलं. तोंड आपल्याकडं आहे तो येणार. पाठ फिरवली तो नाही. या पोरानं दुकान दोन वर्षं पाहिलं होतं, पण जिन्यावरून जाता-येता पाहिलं होतं. भिंतीचा नियम मुलीनं त्याला कधी सांगितला नव्हता. डावा हात डावीकडं असतो हे कोण कुणाला सांगतं?

शनिवारी बाराच्या आत चौदाही जणांनी चित्रं दाबली. अकरा पाठी, तीन तोंडं. दाबताना कुणाला क्षणभरही विचार करावा लागला नाही. मास्तर तर पुढं म्हणाला, अ‍ॅप आलं त्या दिवसापासून पहिल्यांदा मला ते समजलं होतं. वहिनीनं इस्त्री बाजूला ठेवून फोन लांब धरून बघितला. अकरा आकडे दिसत होते. तिला बरं वाटलं. आता कसं, भिंतीसारखं दिसतंय, असं ती गोलीला म्हणालीसुद्धा. मुलगी परतीच्या बसमध्ये होती. तिनंही फोन उघडला, ओळीनं अकरा पाठी बघितल्या, सुस्कारा सोडला आणि डोकं खिडकीला टेकवून झोपून गेली. ज्या मुलीनं ते यंत्र बांधलं होतं तिनंही चित्र वाचलं ते दुकानाच्या डोळ्यांनी.

यंत्राच्या पोटात आकडा होता तीन. भागीदाराच्या कॉम्प्युटरवर तो दिसतही होता.  पण चार रविवार माणसं गोळा करायला कुणी मध्ये हात घालायचा नाही, हे मुलीनंच त्याला बजावलं होतं. तो हात चोळत बसला. बारा वाजता यंत्रानं लीगला कळवलं: तीन.

रविवारी सकाळी गोली पिशवी घेऊन, वहिनी त्याच्या मागं, आणि अकरा माणसं बूट घालून मैदानावर हजर. तिथं दुसरेच दोन संघ खेळत होते. एक गोलसुद्धा झाला होता.

मास्तर रेषेजवळ गेला आणि पंचाला म्हणाला, "साहेब, हे आमचं मैदान."

पंच पळता पळता म्हणाला, "तुमचा संघ गैरहजर आहे."

"हे काय अकरा उभे आहोत."

"कालच कळवलंत की तुम्ही. समोरच्यांना सामना दिला, ते घरी गेले. सरका, चेंडू येतोय."

चेंडू आला आणि गोलीनं सवयीनं तो धरला. दोन्ही संघ त्याच्यावर ओरडले.

मुलगी तोपर्यंत पोचली होती, भागीदारही. सगळे एकमेकांकडं बघत होते आणि प्रत्येक जण "मी तर हो म्हटलं होतं" असं सांगत होता. वहिनीनं भागीदाराला बाजूला घेतलं, फोन त्याच्यासमोर धरला.

"हा शर्ट तुझ्या मते काय म्हणतोय?"

"पाठ फिरवलीय, मावशी. म्हणजे नाही येणार."

"आणि हा?"

"तोंड आपल्याकडं. म्हणजे येणार."

वहिनीनं मान हलवली. मुलगी शेजारीच होती. तिनं तोंडावर हात ठेवला आणि तशीच मैदानाच्या कडेला खाली बसली.

"तुझं काही चुकलं नाही," वहिनी भागीदाराला म्हणाली. "जगात असंच असतं. आमच्याकडं उलटं आहे."

मंगळवारी चिटणिसांनी बोलावलं. लीगचा नियम स्पष्ट होता. यंत्रानं चूक केली असं ठरलं तर सामना पुन्हा होणार आणि फुली लागणार नाही, पण मग यंत्र बाद. संघानं चूक केली असं ठरलं तर यंत्र शाबूत, पण एकतीस वर्षांच्या ओळीत फुली. संघाकडून सही व्यवस्थापकाची हवी होती. आणि कागदोपत्री, पहिल्या वर्षापासून, व्यवस्थापक म्हणून नाव वहिनीचं होतं. तेव्हा अर्ज भरताना दुसऱ्या कुणाचं अक्षर चांगलं नव्हतं.

गोलीला शंकाच नव्हती. दोन दिवस तो घरात एकच गोष्ट बोलत होता. "यंत्रानं खाल्लं. सरळ आहे. पुन्हा खेळू." मुलगी जेवताना ताटात बघत म्हणाली, "बाबा बरोबर बोलतात, आई. चित्र आम्ही बदललं, विचारलं नाही. तू तसंच सांग. आमचं आम्ही बघू."

"काय बघाल?"

"नोकरी."

वहिनी म्हणाली, "जेव आधी."

लीगची कचेरी म्हणजे एक लांबट खोली, कपाटावर जुने करंडक, खिडकीत सुकलेलं झाड. चिटणीस स्वतः जुने पंच. त्यांनीच एकदा गोलीला लाल कार्ड दाखवलं होतं आणि गोलीनं ते अजून मान्य केलेलं नव्हतं. दोघं एकमेकांना नमस्कार करतानाही ते कार्ड मध्ये असायचं. टेबलावर हजेरीची वही उघडी होती.

चिटणीस म्हणाले, "वहिनी, मला लांबण लावायची नाही. चूक कुणाची?"

वहिनीनं वहीकडं बघितलं. टिंबांची ओळ पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती, मुंग्यांची जाते तशी.

"यंत्रानं आमच्या माणसांना विचारलं," ती म्हणाली. "अकरा जणांनी स्वतःच्या बोटानं नाही म्हणून सांगितलं. यंत्रानं तेच तुम्हाला कळवलं."

"त्यांना हो म्हणायचं होतं ना?"

"ते पोटात. पोटातलं यंत्राला कसं दिसणार? मला इतक्या वर्षांच्या संसारात दिसत नाही."

गोली खुर्चीत हलला. मुलगी उठून काही बोलायला गेली तर वहिनीनं नुसता तळहात वर केला, तापलेली इस्त्री जवळ आहे हे पोरांना सांगताना करायची तसा.

"चित्र आमच्या रीतीच्या उलटं होतं, हे खरं," ती म्हणाली. "यांनी विचारायला हवं होतं. पण आम्ही तरी कधी कुणाला सांगितलं? ती रीत आमच्या दुकानाबाहेर कुणाला ठाऊक नाही. चौकातल्या दिव्याचा रंग मी माझ्या मनानं ठरवला आणि गाडीखाली आले, तर दिव्याची चूक म्हणाल का? हे यंत्र जे दाबलं ते सांगतं. तेवढंच तुम्हाला हवंय."

चिटणिसांनी पेनाचं टोपण उघडलं. "मग फुली मारू?"

"मारा."

"एकतीस वर्षं आहेत, वहिनी."

"मोजता येतात मला. मारा."

त्यांनी फुली मारली. लहानशीच मारली. मग दुसऱ्या कागदावर लिहिलं की अ‍ॅप चाळीस संघांना लागू, चित्राखाली मोठ्या अक्षरांत शब्द हवेत या अटीवर. वहिनीनं दोन्हीवर सही केली. अक्षर अजून चांगलं होतं.

घरी चालत येताना गोली पुढं आणि वहिनी मागं. मुलगी आणि भागीदार बरेच मागं राहिले होते, त्यांना बोलायचं होतं. कोपऱ्यावर गोली थांबला.

"अकरा गोल खाल्ले होते मी. गुडघा बांधून."

"माहीत आहे. पट्टी मीच बांधली होती."

"आणि एका सहीत घालवलंस."

"हो."

तो पुढं चालायला लागला, पुन्हा थांबला. वहिनी म्हणाली, "आपण मैदानावर होतो. अकरा जण होतो. वहीत काय आहे ते राहू द्या."

"वही राहते," गोली म्हणाला. "मैदानावर गवत उगवतं."

घरापर्यंत मग दोघं तशीच पुढं-मागं चालत गेली. तो आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. आठव्या दिवशी इस्त्रीचा प्लग बिघडला तेव्हा दोघांनी मिळून तो उघडला, आणि मग बोलणं पुन्हा सुरू झालं, जुन्या पंपाला पाणी चढतं तसं, आधी खडखडाट करून.

वरच्या खोलीत मात्र त्या आठवड्यात भांडण झालं. भागीदार म्हणत होता, आता चित्र जसं आहे तसं राहू दे, खाली शब्द येतायत ना. मुलगी म्हणाली, चित्र फिरवायचं. पाठ म्हणजे येणार.

"अगं एकोणचाळीस संघांना उलटं वाटेल."

"आकडा पाठीवर असतो. माणूस येणार असेल तर आकडा दिसला पाहिजे. तोंडावर काय मोजणार तू? यात उलटं काय आहे?"

भागीदारानं विचार केला. त्याला ते पटलं आणि पटलं याचा रागही आला. चित्र फिरलं.

हंगाम सुरू झाला. चाळीस संघ अ‍ॅपवर आले, पुढच्या वर्षी शेजारच्या गावांतले आणखी काही. वरच्या खोलीतली दोरी काढली आणि तिथं आणखी दोन टेबलं आली. भागीदार पुढं जावई झाला का, तर झाला, पण ती वेगळी गोष्ट. खुंट्यांची फळी वहिनीनं काढली नाही. त्यावर आता जड कोट टांगतात. शनिवारी संध्याकाळी मास्तर येतो कधीकधी, प्लंबर येतो, लहान पातेलं पुरतं. उजवा विंगवाला महिना-दोन महिने दिसलाच नाही, तेव्हा ती गोलीला म्हणाली, "त्या आजीवाल्याकडं जाऊन या." फोनवर तो दर शनिवारी ‘नाही’ दाबत होता, आणि ते चाळीस संघांच्या लोकांनी बघितलंही असेल. गोली मात्र गेला.

असंच एका दुपारी एक नवं गिऱ्हाईक आलं. बसचा ड्रायव्हर, गावाच्या पार दुसऱ्या टोकाचा, नुकताच इकडं राहायला आलेला. डेपोच्या संघात खेळायचा. संघाचा शर्ट इस्त्रीला घेऊन आला होता, रविवारी सामना होता. वहिनी कोटाला ब्रश मारत होती, म्हणून त्यानं स्वतःच शर्ट समोरच्या खिळ्यावर टांगला. तोंड बाहेर केलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, फिरवला आणि पाठ रस्त्याकडं केली.

वहिनीनं ब्रश थांबवला. "असा का टांगला?"

ड्रायव्हर हसला. म्हाताऱ्या बाईला समजावतात तसं, हळू आणि जरा मोठ्यानं बोलला. "ते आमच्याकडं फुटबॉलवाल्यांत असतं, मावशी. फोनमध्ये अ‍ॅप आहे. माणूस तयार असला की शर्टाची पाठ दाखवायची. मग आकडा दिसतो, मोजायला बरं पडतं."

आतून गोलीचा गुडघा वाजला. तो उठत होता. वहिनीनं मागं न बघता तळहात वर केला.

"असं होय," ती ड्रायव्हरला म्हणाली. मग खिळ्यावरचा शर्ट काढला, तोंड बाहेर केलं, बटणं तपासली. "आता तोंड बाहेरच राहू दे. अजून इस्त्री व्हायचीय."